बियांची देवघेव

ऋषिपंचमीच्या भाजीवरून आपल्या मंडळात दरवर्षी थोडी कुरबुर होतेच. अळू, भेंडी, दोडका, लाल माठ, सुरण हे सगळे बुधवारी बाजारात मिळते. पण बैलाच्या कष्टाचे नको, परसातले हवे, ही या भाजीची मूळ अट. ती रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी कशी पाळायची? माझी आई हयात असेपर्यंत आमच्या घरी ही अट निदान एका जिनसापुरती पाळली जाई. ती जिन्नस म्हणजे तवसे, कोकणातली पावसाळी मोठी काकडी. राजापूर तालुक्यातल्या माहेराहून तिने बी आणले होते आणि बिलासपूरच्या क्वार्टरच्या कुंपणावर वेल चढवला होता. पहिले चांगले फळ ती तोडू देत नसे. ते वेलावरच पिवळे-तपकिरी होईस्तोवर ठेवायचे, मग बी काढून राखेत घोळवायचे आणि फडक्यात बांधून फळीवर ठेवायचे.

माझी बदली झाली, आई आजारी पडली, तीन-चार पावसाळे बी लावलेच नाही. पुढे आठवण झाली तेव्हा पुरचुंडी उघडली. मुंग्या आणि ओल यांनी आपले काम केले होते. वीसेक बिया पेरल्या, एकही उगवली नाही. गावी फोन केला. मामेभाऊ म्हणाला, "अरे, आता दुकानातले पाकीट आणतो, ते बरे येते." मी रेलपथ विभागातला माणूस. आमच्या गोदामात रुळाचा तुकडा दहा वर्षे पडून राहिला तर गंजेल, पण रूळच राहील. बियाचे तसे नाही. ते जिवंत असते आणि पेरले नाही तर मरते. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांत जाते, घेवड्याचे तीन-चार वर्षे टिकते, काकडीचे कोरडे ठेवले तर पाच वर्षांवरही राहते.

या रुखरुखीतून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो आणि अमेरिकेत जाऊन पोचलो. (वाचनातूनच. पासपोर्ट अजून कोराच आहे.) तसे पाहिले तर आपल्या ऋषीच्या भाजीत पडणारा लाल भोपळा आणि मक्याचे कणीस दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, कोलंबसानंतरच्या काळात इकडे आलेले. कुणीतरी मूठभर बी गाठीला बांधून आणले म्हणून आले.

आयोवा राज्यात सेंट लुकास नावाचे खेडे आहे. तिथे बॅप्टिस्ट जॉन ऑट नावाचे एक वृद्ध शेतकरी राहत. त्यांचे घराणे जर्मनीतल्या बव्हेरियातून आलेले, येताना बी घेऊन आलेले. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी आपली नात डायान आणि तिचा नवरा केंट व्हीली यांना दोन खास बिया दिल्या. एक मोठ्या गुलाबी टोमॅटोची आणि दुसरी सकाळी उमलणाऱ्या जांभळ्या फुलांच्या वेलाची. १९७४ मध्ये आजोबा वारले. नातजावयाच्या डोक्यात विचार आला की हे बी आपल्याला मिळाले नसते तर त्यांच्याबरोबरच गेले असते. अशा किती म्हाताऱ्यांच्या फळीवर किती पुड्या असतील?

१९७५ मध्ये या जोडप्याने बागकामाच्या मासिकांना पत्रे लिहिली. तुमच्याकडे घराण्यातले जुने बी असेल तर कळवा, आपण एकमेकांना देऊ. पहिल्या वर्षी जेमतेम २९ जण जमले. प्रत्येकाने पाव डॉलर आणि एक मोठे पाकीट पाठवायचे, त्या बदल्यात सहा पानांची यादी मिळायची. कुणाकडे कोणते बी आहे आणि कुणाला कोणते हवे, एवढेच त्या यादीत असे. ज्याला हवे त्याने थेट त्या माणसाला पत्र लिहायचे आणि टपालखर्च द्यायचा. मधे दुकान नाही, दलाल नाही. हीच पुढे 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' म्हणून प्रसिद्ध झालेली संस्था. १९८६ मध्ये डेकोरा गावाजवळ तिने स्वतःचे शेत घेतले. आज ते ८९० एकरांचे आहे आणि संग्रह वीस हजार वाणांच्या पुढे गेला आहे. केंट व्हीलींना १९९० मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ते २०१८ मध्ये वारले.

त्या यादीतून काय काय वर आले हे वाचताना मला रात्रीची ड्यूटी सुसह्य झाली. 'चंद्र-तारे' नावाचे एक कलिंगड होते. गडद हिरव्या सालीवर पिवळे ठिपके आणि एखादा मोठा पिवळा चंद्र. न्यूयॉर्कच्या एका बी-कंपनीने ते १९२६ मध्ये बाजारात आणले आणि नंतर ते कॅटलॉगमधून नाहीसे झाले. लोक व्हीलींना विचारत, तेही शोधत. अखेर १९८० च्या सुमारास मिसुरीतल्या मेकन गावाजवळचा एक शेतकरी पुढे आला. तो ते लावतच होता! त्याच्या लेखी ते हरवलेले नव्हतेच.

काळ्या घेवड्याची गोष्ट मात्र वाचवत नाही. १८३८-३९ च्या हिवाळ्यात अमेरिकन सरकारने चेरोकी लोकांना आग्नेयेकडच्या त्यांच्या भूमीतून हाकलून पश्चिमेला आजच्या ओक्लाहोमात नेले. वाटेत थंडीने, उपासमारीने आणि आजाराने हजारो माणसे मेली. त्या वाटेला 'अश्रूंची वाट' म्हणतात. त्या वाटेवरून आलेला म्हणून सांगितला जाणारा घेवडा ओक्लाहोमातल्या चेरोकी वंशाच्या एका गृहस्थांनी १९७७ मध्ये या देवघेवीत दिला. घरदार, शेत, सगळे मागे राहिले, आणि काळे चकचकीत दाणे तेवढे बरोबर आले. बदलीच्या वेळी ट्रकभर सामान बांधताना आपण जी कुरकुर करतो ती मला आठवली.

जॉन विदी हा या मंडळींतला सगळ्यात नादिष्ट माणूस. लहानपणी मेन राज्यात जमिनीतल्या खड्ड्यात भांडे पुरून शिजवलेला घेवडा त्याने खाल्लेला. म्हातारपणी तो वाण शोधायला निघाला आणि शोधता शोधता १,१८६ वाण गोळा केले. एकट्याला इतके दरवर्षी लावणे शक्यच नव्हते. १९८१ मध्ये त्याने सगळा संग्रह या संस्थेला देऊन टाकला.

हे वाण मुळात हरवत का होते? पहिले कारण संकरित बी. त्याचे पीक एकसारखे आणि भरघोस येते, पण त्याच्या फळातले बी पुन्हा पेरले तर तेच गुण उतरत नाहीत, म्हणून दरवर्षी नवे पाकीट लागते. मामेभावाला मी दोष देत नाही, त्याला उत्पन्न हवे. दुसरे कारण धंद्याचे. लहान बी-कंपन्या मोठ्यांनी विकत घेतल्या आणि कमी खपाची नावे यादीतून कापली गेली. व्हीलींनी १९८० च्या दशकात अमेरिका-कॅनडातल्या सर्व कॅटलॉगांची एकत्र मोजदाद छापली. त्यात असंख्य वाणांपुढे एकाच कंपनीचे नाव होते. म्हणजे ती कंपनी बंद पडली की वाण गेले.

युरोपात तर कायदाच आडवा आला. १९७० च्या दशकात तिथे अधिकृत यादीत नसलेल्या भाजीचे बी विकणे गुन्हा ठरला, आणि यादीत नाव घालायला पैसे लागत. इंग्लंडमधल्या लॉरेन्स हिल्स यांनी यातून वाट काढली. विकायचेच नाही! सभासदाने वर्गणी भरायची आणि बी वाचनालयातल्या पुस्तकासारखे न्यायचे. केंट परगण्यातल्या एका आजींनी १९७८ मध्ये आपल्या घरचा किरमिजी फुलांचा बाकला तिथे दिला, तो आज ठिकठिकाणी लावला जातो.

आपल्याकडे कायदा उलट शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार शेतकरी आपले बी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीच्या छापाखाली विकता येत नाही. आणि माणसेही आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण वाल-घेवड्यासह कितीतरी गावरान वाण त्यांनी घरात मडक्यांतून जपले आणि बी न्या तर दुप्पट परत करा, अशी रीत ठेवली. त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली.

आता माझ्या तवशाचे. मागल्या वर्षी हळदीकुंकवात हा विषय निघाला तेव्हा बायकोला कुणीतरी म्हणाले की रायपूरच्या मावशींकडे अशी काकडी असते. मावशी म्हणजे आईची जुनी शेजारीण, लोको कॉलनीतली. मी फोन केला. "अरे, तुझ्या आईनेच तर दिले होते बी. मी दरसाल लावते. तुला हवे होते तर आधी नाही का विचारायचे?" मला पुढे बोलताच येईना.

बी लावले, आले. मात्र फळ आईच्या तवशापेक्षा आखूड आणि जरा जास्त हिरवे वाटते. मावशींच्या शेजारी छत्तीसगडी खिऱ्याचे वेल असतात आणि मधमाशांना क्वार्टरची हद्द कळत नाही, तेव्हा थोडी सरमिसळ झाली असावी. काकडीचा वाण शुद्ध ठेवायचा तर जवळपास किलोमीटरभर दुसरी काकडी नको. ते जमत नसेल तर संध्याकाळी उद्या उमलणारी मादी कळी (मागे चिमुकले फळ असते ती) आणि एक नर कळी दोऱ्याने बांधावी. सकाळी दोन्ही सोडून नराचा पराग मादीला लावावा आणि मादी पुन्हा बांधावी. त्या फळाला खुणेची चिंधी लावून ते वेलावर पूर्ण पिकू द्यावे. बी गरासकट दोन-तीन दिवस भिजत ठेवून धुवावे आणि सावलीत वाळवावे. यंदा मी पाच कळ्या बांधल्या, तीन फळे धरली.

सहा घरांपुरते बी निघेल. ज्यांना हवे त्यांनी ऋषिपंचमीला आरतीनंतर मंडपात मला गाठावे. वाटेल त्याच दिवशी वहीत नाव लिहून घेणार आहे, कारण माझ्या वेलाचे काही झाले तर कुणाकडे मागायला जायचे ते मला ठाऊक असायला हवे.