शपथ होती, शिस्त नव्हती

1904 साली नाशिकच्या मित्रमेळ्याची अभिनव भारत ही गुप्त क्रांतिकारी संघटना झाली. शपथेने जिभेला कुलूप लागले, कागदांना नाही. 1909 मध्ये संघटनेचे नेते बाबाराव सावरकर यांच्या घरझडतीत छपराखाली दडवलेली बाँबकृतीची दाट टंकलिखित पाने निघाली. हाताळून जीर्ण झालेले फ्रॉस्टचे गुप्तमंडळ्यांवरील पुस्तकही सापडले. एकमेकांना न ओळखणाऱ्या छोट्या गटांची रीत त्यातच होती! वाचली, पण अंगी बाणवली नाही. फितुरीपुढे कोणाचे काय चालते, असे कुणी म्हणेल. खरे आहे, त्याच वर्षीच्या 21 डिसेंबरला झालेल्या नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधानंतरच्या खटल्यात लंडनहून पिस्तुले आणणारा चतुर्भुज अमीनच माफीचा साक्षीदार झाला. पण फितुराला माहीत असेल तेवढेच तो सांगणार, आणि इथे एकेकाला फार माहीत होते.