रमाबाईंच्या खोलीचं दार

नाताळच्या आठवड्यातला हा भाग पंडिता रमाबाईंवर आहे. त्यांची विद्वत्ता आणि विधवांसाठी केलेलं काम आपण अभिमानाने सांगतो. त्या ख्रिस्ती होत्या, हे मात्र घाईघाईत उरकतो. आज तिथेच जरा थांबू या.

१८५८ साली जन्मलेली ही मुलगी आईवडिलांकडून संस्कृत शिकली. तेच आईवडील आणि मोठी बहीण दुष्काळात उपासमारीने गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. पण वाँटेजच्या सिस्टर मंडळींशीही त्यांचं पटलं नाही, हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. शाकाहार सोडला नाही. इथल्या पुरोहितांचं जू मानेवरून काढलं ते दुसरं घालून घ्यायला नव्हे, असंच त्यांचं म्हणणं होतं.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या. मग अमेरिकाभर व्याख्यानं दिली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि दहा वर्षांच्या खर्चाची हमी मिळाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं.

आता मांडणी पाहा. पैसे देणारे अमेरिकेतले ख्रिस्ती, राहणाऱ्या बहुतेक ब्राह्मण घरांतल्या मुली, आणि सल्लागार रानडे, भांडारकर. असा प्रकल्प माझ्याकडे आला तर मी आधी करार तीनदा वाचेन! रमाबाईंनी स्वयंपाकघर मुलींच्या जातीच्या नियमांप्रमाणे ठेवलं. धर्माचं शिक्षण नाही, सक्ती नाही. त्या स्वतः मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि त्या वेळी दार उघडं ठेवत. ज्या मुलीला यावंसं वाटे ती येऊन बसे.

त्या उघड्या दारावरून दोन्हीकडून बोल लागला. मिशनरी म्हणाले, ख्रिस्ती बाई असून ख्रिस्त शिकवत नाही. पुणं म्हणालं, मुली बाटवते. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुली घरी नेल्या.

मला विचाराल तर पुणेकरांची शंका अगदीच पोकळ नव्हती. जिच्या डोक्यावर दुसरं छप्पर नाही, तिला आश्रय देणाऱ्या बाईची श्रद्धा ओढून घेणारच. पण दार लावून घेणं म्हणजे आपण कोण आहोत ते लपवणं, आणि रमाबाईंना ते जमणारं नव्हतं. शिवाय ज्यांनी मुली परत नेल्या, त्यांतल्या किती घरांनी त्यांना पुढे शिकू दिलं असेल?

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या बायकांची सरकारी बंदोबस्तात होणारी विटंबना रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघड केली. राज्य ख्रिस्ती लोकांचं होतं म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. प्लेगच्या जुलमावर ‘केसरी’ही लिहीत होता. चार वर्षांपूर्वीचे विरोधक या एका बाबतीत एकाच बाजूला आले.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपाशी मुलगी म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी समजावण्याची गरज नव्हती. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. या वेळी जात विचारली नाही. केडगावला रेल्वेजवळ घेतलेल्या शेतजमिनीवर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना आणि अंध मुलींसाठी ब्रेल, सगळं तिथे होतं. ‘मुक्ती’ उघडउघड ख्रिस्ती होती आणि पुष्कळ मुलींनी तिथे बाप्तिस्मा घेतला. त्यावर आजही वाद घालता येईल. घालावाही, पण दुष्काळात त्या मुलींना उचलायला आणखी कोण गेलं होतं, हे आधी सांगावं.

एक राहिलं. शारदा सदनात दाखल झालेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. तिने बाप्तिस्मा घेतला नाही. १८९३ मध्ये, ऐन गदारोळाच्या वर्षी, तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी स्वतःची संस्था काढली, हिंदू वळणाची, बाटवण्याची भीती ज्यांना होती त्या घरांनाही चालेल अशी. हिंगण्याच्या त्या आश्रमासाठी गोदूबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्वे, दारोदार वर्गणी मागत फिरल्या.