एका लांब शब्दाचे सांधे

अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम! २८ अक्षरांचा हा इंग्रजी शब्द वाचतांना भल्याभल्यांची जीभ अडखळते. शाळकरी मुलें तो पैजेसाठीं पाठ करितात. त्याच्या पोटांत तीन शतकांचा कलह सांठला आहे, हें मात्र थोड्यांच्याच लक्षांत येतें.

प्रथम उच्चार पाहूं. शब्दाचे १२ उच्चारखंड पडतात: ॲन्-टि-डिस्-इस्-टॅब्-लिश्-मन्-टे-रि-अ-नि-झम्. मुख्य आघात आठव्या खंडावर, म्हणजे 'टे'वर येतो. मूळ 'एस्टॅब्लिश' ह्या क्रियापदांत तो 'टॅब्'वर असतो. शेवटीं प्रत्यय जडले कीं तो पुढें सरकतो आणि 'टॅब्'कडे दुय्यम आघात उरतो.

अर्थाचे घटक मात्र सहाच. त्यांतील 'एस्टॅब्लिश' म्हणजे एखाद्या धर्मसंस्थेस कायद्यानें राजमान्यता देणें. आठव्या हेन्रीनें सोळाव्या शतकांत इंग्लंडांत रोमशीं संबंध तोडून स्वतंत्र चर्च स्थापिलें आणि तीच व्यवस्था आयर्लंडवर लादली. आयरिश शेतकरी बहुतांशीं रोमन कॅथलिकच राहिला. तरीहि परक्या चर्चची धर्मपट्टी त्याला भरावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या चर्चचे अनुयायी लोकसंख्येच्या सुमारें आठव्या हिश्शाइतकेच होते. १८३१ सालीं न्यूटाउनबॅरी व कॅरिकशॉक येथें ह्या वसुलीवरून माणसें मारलीं गेलीं.

'डिस' म्हणजे ती राजमान्यता काढून घेणें. 'मेंट'नें त्या कृतीचें नाम बनतें. 'अँटि' म्हणजे त्या कृतीस विरोध, 'एरिअन' म्हणजे त्या मताचा पुरस्कर्ता व 'इझम' म्हणजे त्याचा वाद.

नवल असें कीं, १८३८ सालीं ग्रंथ लिहून राजमान्य चर्चचा कैवार घेणारा तरुण ग्लॅडस्टन हाच पुढें आयरिश चर्चची राजमान्यता काढण्याच्या प्रश्नावर १८६८ ची निवडणूक जिंकून मुख्य प्रधान झाला. १८६९ सालीं त्यानें तसा कायदा केला व १ जानेवारी १८७१ रोजीं तो अंमलांत आला. वेल्ससाठीं १९१४ सालीं कायदा झाला. परंतु महायुद्धामुळें त्याचा अंमल ३१ मार्च १९२० पर्यंत लांबला. इंग्लंडांत चर्च आजहि राजमान्य आहे. तेथें 'अँटि' पक्षाचीच सरशी झाली.

प्रत्यक्ष लेखनांत हा शब्द क्वचितच येतो; लांबीचा नमुना म्हणूनच तो गाजला. उच्चार साधण्यासाठीं त्याचे १२ तुकडे पाडावे लागतात. अर्थासाठीं मात्र सहा पुरतात, आणि ते एकदां ओळखीचे झाले म्हणजे शब्दाची धास्ती उरत नाहीं.