एक कार्य, अनेक नांवें

शास्त्र वाढूं लागलें म्हणजे त्याची परिभाषाहि वाढते. परंतु परिभाषाच शास्त्राच्या पुढें धांवूं लागली तर विचाराची कुचंबणा होते. अनेकांनीं मिळून नवें कांहीं शोधणें व तें प्रचारांत आणणें, या विषयाच्या अभ्यासाची आज तशीच स्थिति झाली आहे. एरिक फॉन हिपेल यांनीं १९७६ सालीं शास्त्रीय उपकरणांचा इतिहास तपासून दाखविलें कीं, सुधारणा पुष्कळदां कारखानदाराच्या नव्हे, तर वापरणाराच्या हातून होते. २००३ सालीं हेन्री चेसब्रो यांनीं ‘ओपन इनोव्हेशन’ ही संज्ञा रूढ केली. प्रल्हाद व रामस्वामी या लेखकद्वयानें ‘को-क्रिएशन’ पुढें आणलें. २००६ सालीं जेफ हाउ यांनीं ‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्द योजिला. प्रत्येक शब्दाला जन्माचें कारण होतें; पण आज एकाच घटनेला अनेक नांवें लाविलेलीं आढळतात, आणि एकाच नांवाखालीं परस्परभिन्न घटना बसविल्या जातात.

मराठी अभ्यासकाची अडचण तर दुहेरी आहे. आपल्या खेड्यांत सूक्ष्म भेद करणारे शब्द होते. आळीपाळीनें एकमेकांच्या शेतांत राबणें ही सावड. बैलांची देवघेव करून जोत पुरें करणें हा वारंगुळा. एकाच्या कामासाठीं शेजाऱ्यांनीं बैल-अवजारांसह यावें व यजमानानें जेवण घालावें, हें इर्जिक. १९०४ व १९१२ च्या कायद्यांनंतर ‘सहकार’ या शब्दाचा पसारा वाढला, आणि त्याचा अर्थ नोंदलेली संस्था, भागभांडवल व निवडणूक यांभोंवतींच फिरूं लागला. आतां ‘कोलॅबोरेशन’साठीं कोणी सहकार, कोणी सहयोग, कोणी सहभाग लिहितो, वाचकास मात्र या तीन निराळ्या वस्तु आहेत असा भ्रम होतो.

इस्लामपूरच्या आसमंतांतील तीन उदाहरणें घेतल्यास आमचें म्हणणें स्पष्ट होईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल असा शेतकऱ्यांचा समज होता. तो हळूहळू गेला. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. येथें कल्पना व मालकी कारखानदाराची, शेतकऱ्याची ती केवळ संमति. दुसरें उदाहरण साखराळ्याचें. राजारामबापू पाटील यांच्या पुढाकारानें तेथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. साखर करण्याची विद्या नवी नव्हती. ऊंस पिकविणारा हाच कारखान्याचा मालक, ही रचना नवी होती, आणि तीहि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं प्रवरेच्या कांठीं आधींच घालून दिलेली. तिसरें उदाहरण खानापूर तालुक्यांतील येरळेवरील बळिराजा धरणाचें. १९८० नंतरच्या दशकांत तांदूळवाडी व बलवडीच्या गांवकऱ्यांनीं, मुक्तिसंघर्ष चळवळीच्या साहाय्यानें, तें बांधावयास घेतलें. नदीची वाळू विकून पैसा उभारण्याचा हक्क त्यांनीं मागितला. अभियंते व विज्ञानप्रेमी मंडळींनीं मदत केली. आणि पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां, भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबास सारखें द्यावें, असें ठरलें.

या तिहींना ‘सहयोगी नवनिर्मिति’ हें एकच नांव देतां येईल. पण त्यानें काय कळलें? बळिराजा धरणास नुसतें ‘को-क्रिएशन’ म्हटलें, तर समान पाण्याचा विचार, म्हणजे त्यांतील खरें नवेपण, वर्णनांतूनच गळून जातें. ‘सहकार’ म्हटलें, तर भूमिहीनास वाटा देणारें धरण आणि ऊंसवाल्या सभासदांचा कारखाना एका रांगेंत बसतात. नांव चुकलें म्हणजे श्रेयहि चुकतें, आणि पुढें त्याच आधारावर योजना आंखणाराची दिशाहि चुकते.

म्हणून नवी संज्ञा घडविण्यापूर्वीं अभ्यासकानें तीन प्रश्न विचारावेत, असें आम्हांस वाटतें: ज्ञान कोणाचें होतें? जोखीम कोणी पत्करली? फळ कोणास मिळालें? तिन्ही उत्तरें जुळत असतील, तर दोन शब्दांपैकीं एक खुशाल टाकून द्यावा. जुळत नसतील, तर शब्द कितीहि सारखा दिसो, वस्तु वेगळी समजावी. ही कसोटी लाविली तर कित्येक परदेशी संज्ञा अनावश्यक ठरतील, आणि सावड व इर्जिक यांसारखे आपले कांहीं विस्मृत शब्द पुन्हां उपयोगीं पडतील.