प्रकाशाची मोजपट्टी

कणत्वरकातला इलेक्ट्रॉनांचा झोत किती बारीक आहे, हे मोजण्याची जुनी रीत सरळ होती. झोताच्या वाटेत चमकणारा पडदा ठेवून ठिपका पाहायचा, किंवा कार्बनची काही मायक्रॉन जाडीची तार झोतासमोर धरून तिच्यावर आदळून काय उसळते ते नोंदवायचे. कॅलिफोर्नियातील ‘स्लॅक’ प्रयोगशाळेने १९९०च्या सुमारास झोत मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही बारीक करायचे ठरवले, तेव्हा ही रीत अपुरी पडली. तार झोतापेक्षा कितीतरी जाड. शिवाय एवढ्याशा जागेत एकवटलेल्या झोतापुढे ती टिकणार नव्हती.

हा हट्ट विनाकारण नव्हता. वर्तुळाकार यंत्रात कणांचे पुंजके पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. सरळ यंत्रात एकदाच. त्या एका भेटीत पुरेशा टकरी व्हायच्या, तर झोत अतिशय बारीक हवा. पण तो तसा झाला, हे कळणार कसे?

जपानच्या ‘केईके’ संस्थेतील त्सुमोरू शिंताके यांनी तारेच्या जागी प्रकाश सुचवला. एकाच लेसरचे दोन किरण समोरासमोर आणले, की उजेड-अंधाराचे स्थिर पट्टे पडतात. १०६४ नॅनोमीटरच्या लेसरने ५३२ नॅनोमीटर अंतराचे. इलेक्ट्रॉन उजेडातून गेले, तर गॅमा किरण जास्त निघतात. अंधारातून गेले, तर कमी. बारीक झोत पट्ट्यांवरून सरकवला, की हा चढउतार ठळक दिसतो. जाड झोत उजेड-अंधार दोन्हींवर पसरतो आणि चढउतार पुसट होतो. या पुसटपणावरूनच जाडी काढायची.

१९९४ साली स्लॅकमध्ये झोताची उंची सुमारे ७० नॅनोमीटर भरली. अपेक्षा ६०च्या आसपास होती. मला या पद्धतीचा एक गुण फार आवडतो. लेसर थरथरला, दोन किरण नीट जुळले नाहीत, झोत डगमगला, तरी पट्टे पुसटच होतात आणि झोत आहे त्याहून जाड भासतो. म्हणजे अशा दोषांमुळे उपकरण झोताची खोटी स्तुती करत नाही. मात्र वाढीव जाडी झोताची की मोजपट्टीची, हे वेगळे काढणे जिकिरीचे.

पुढे हे उपकरण जपानला गेले आणि ५३२ नॅनोमीटरच्या लेसरसह त्सुकुबा येथील ‘एटीएफ-२’वर बसले. मार्च २०११च्या भूकंपाने तिथले काम अडले. पण २०१४ साली सुमारे ४४ नॅनोमीटरची नोंद प्रसिद्ध झाली. लक्ष्य ३७चे होते. तिथे मोजणीची सुरुवात किरण लहान कोनात मिळवून, रुंद पट्ट्यांनी करतात. झोत बारीक होत जातो तसा कोन वाढवत १७४ अंशांपर्यंत नेतात. तेव्हा पट्ट्यांमधले अंतर उरते जेमतेम २६६ नॅनोमीटर.