गोल्फमधील झोकाचे तंत्र

गोल्फ : झोकाचे तंत्र. गोल्फच्या खेळात चेंडू टोलविण्यासाठी क्लब (दांडा) मागे व वर नेऊन, शरीराच्या वळणासह पुन्हा खाली आणण्याच्या संपूर्ण क्रियेस झोक किंवा ‘स्विंग’ म्हणतात. या तंत्राचा विकास मुख्यतः दांडा व चेंडू यांतील बदलांनुसार झाला.

एकोणिसाव्या शतकात क्लबचा दांडा हिकरी या अमेरिकन वृक्षाच्या लाकडाचा असे. तो झोकाच्या वेळी वाकत असे व त्यास पीळही पडत असे. त्यामुळे क्लबचे तोंड चेंडूवर सरळ आणण्यासाठी मनगटांचा पुष्कळ उपयोग करावा लागे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथील जुनी शैली लांब, सपाट व गोलाकार झोकाची होती. हॅरी व्हार्डन (१८७०–१९३७) याने अधिक उभा झोक रूढ केला. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर ठेवण्याची पकड त्याच्या नावाने ओळखली जाते. तथापि जॉन लेडली हा खेळाडू त्यापूर्वीच ती वापरीत असे. व्हार्डनने ब्रिटिश खुली स्पर्धा सहा वेळा जिंकल्याने या पकडीचा प्रसार झाला.

पोलादी दांड्यास अमेरिकेत १९२४ मध्ये व ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये मान्यता मिळाली. बॉबी जोन्सने १९३० मधील चारही प्रमुख स्पर्धा हिकरीच्या दांड्यांनीच जिंकल्या. पण ते त्या युगाचे अखेरचे मोठे यश ठरले. पोलादास पीळ फारसा पडत नसल्याने मनगटांचे कार्य मर्यादित होऊन पाय व कंबर यांच्या जोरावर भर आला. बायरन नेल्सन हा या शैलीचा प्रवर्तक मानला जातो. १९४५ मध्ये त्याने लागोपाठ ११ स्पर्धा जिंकल्या. बेन होगनने १९५७ च्या आपल्या ग्रंथात खाली येणाऱ्या झोकाचा आरंभ हातांनी न करता कमरेच्या वळणाने करावा, असे प्रतिपादिले.

ॲलास्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्ज यांच्या १९६८ मधील ग्रंथाने झोकाचे यामिकीय विश्लेषण दुहेरी लंबकाच्या प्रतिमानाने केले. क्लब व चेंडू यांचा स्पर्श सु. १/२,००० सेकंदच टिकतो; त्यामुळे आघाताच्या क्षणी चूक सुधारणे अशक्य असते. पुढे रडारच्या साहाय्याने केलेल्या मापनांतून चेंडूची आरंभीची दिशा मुख्यत्वे क्लबच्या तोंडावर अवलंबून असते, हे स्पष्ट झाले. पूर्वीची अनेक पाठ्यपुस्तके ती झोकाच्या मार्गावर ठरते असे सांगत. म्हणून जुन्या आचार्यांचा उपदेश अनुसरताना तो कोणत्या साधनास उद्देशून होता, हे पाहणे आवश्यक ठरते.