गाठीच्या आधीचे शब्द

'कॅन्सर' म्हणायला जीभ रेटत नाही तेव्हा आपल्याकडे 'गाठ निघाली' असं म्हणतात. संस्कृत ग्रंथि, प्राकृत गंठि, मराठी गाठ. त्यात बांधणं आहे, घट्ट होणं आहे. पण हा शब्द बोटाला काहीतरी लागल्यावरच सुचतो. 'कर्करोग' तर आणखी बाहेरून पाहणारा. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचं नाव दिलं, लॅटिनमध्ये त्याचं 'कॅन्सर' झालं आणि आपण त्याला संस्कृत कर्क जोडून दिला. रोगाचं दिसणं त्यात आलं, घडणं आलं नाही.

सुश्रुताचा शब्द वेगळा होता: अर्बुद. गोल, स्थिर, खोल मुळांचं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं. केरळात आजही कॅन्सरला अर्बुदमच म्हणतात. मराठीने तो पुस्तकात ठेवून दिला, याची मला हळहळ वाटते. कारण या शब्दाचे बाकीचे अर्थही विलक्षण आहेत. अर्बुद म्हणजे दहा कोटी, आणि सेंटिमीटरभर गाठीतल्या पेशींचा आजचा अंदाज दहा कोटी ते शंभर कोटी असाच आहे. चरकसंहितेत दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाच्या आकारांपैकी एकाचं नाव अर्बुद, दुसऱ्याचं पेशी. यकृताच्या कॅन्सरमध्ये गर्भावस्थेतलं एक प्रथिन, अल्फा-फीटोप्रोटीन, रक्तात पुन्हा वाढलेलं आढळतं. जन्मानंतर निजलेली जनुकं जागी होतात. प्राचीनांना हे माहीत होतं असं म्हणणं खोटं ठरेल. पण शब्द मात्र जुळून आलाय.

आयुर्वेदात रोग कसा घडत जातो याला 'संप्राप्ती' म्हणतात. आजची कॅन्सरची प्रयोगशाळा नेमकी हेच शोधते. एकेक पेशी वेगळी काढून तिची जनुकं वाचतात. 2009 मध्ये संशोधक हान्स क्लेव्हर्स आणि तोशिरो सातो यांनी एकाच मूळपेशीपासून आतड्याची इवली प्रतिकृती वाढवून दाखवली. रुग्णाच्या गाठीतल्या पेशींपासूनही आता अशा प्रतिकृती वाढवतात आणि पेशी कोणत्या पायरीवर बिघडते ते पाहतात.

संप्राप्तीचा एक मोठा धडा मात्र सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने दिला. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाशी जोडलेली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 पासूनची, देशातली पहिली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू असतो हे विषाणूशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1980 च्या दशकात दाखवलं होतं. 1999 मध्ये बार्शीच्या डॉक्टरांनी टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायकांचा अभ्यास सुरू केला. एका गटात विषाणूचा डीएनए तपासला, दोन गटांत तपासणीच्या इतर पद्धती वापरल्या, चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आला: डीएनएची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्मे होते.

त्या बायकांना गाठ नव्हती. विषाणूपासून कॅन्सरपर्यंत सहसा 15 ते 20 वर्षं जातात आणि आपल्या भाषेत या वर्षांना नावच नाही. 'गाठ नाही, दुखत नाही, मग तपासायचं काय?' हा प्रश्न म्हणून तर पडतो. आयुर्वेदातलं 'पूर्वरूप' जवळ येतं, पण पूर्वरूपात शरीर काहीतरी दाखवतं. इथे ते गप्प असतं. 'कर्करोगपूर्व अवस्था' हा कागदावरचा शब्द त्याहून वाईट, कारण ऐकणारीच्या कानात त्यातला कर्करोग तेवढा राहतो. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. म्हणून अहवाल हातात देताना 'कॅन्सरची टेस्ट पॉझिटिव्ह आली' असं म्हणू नये. 'विषाणू सापडलाय, कॅन्सर नाही. पुढची तपासणी करून घेऊ' असं साध्या मराठीत सांगावं.